ताडेसेची मंडळी

जानेवारी लागला की सौदीतल्या अल-खोबरची माणसं समुद्रावर येऊन बसतात. वर्षाचे आठ महिने एसीच्या खोल्यांत कोंडून काढलेले हे लोक चटया, थर्मास, मुलांच्या सायकली घेऊन कॉर्निशच्या हिरवळीवर पसरतात. रस्त्याच्या दुभाजकावर जांभळ्या-पांढऱ्या पिटुनिया फुललेल्या असतात. सकाळी धुकं इतकं दाट असतं, की बहरीनकडे जाणारा पूल मधेच कुठेतरी संपल्यासारखा दिसतो. "आई, बेस्ट वेदर आहे, चल ना," माझी लेक रूथ म्हणते. ती इथे एका बँकेत नोकरीला आहे. स्वतः गाडी चालवते. आमच्या वेळी बाईने गाडी चालवायची इथे सोयच नव्हती. मी नगरहून दोन महिन्यांसाठी तिच्याकडे आले आहे.

मी जाते, बसते, मटार सोलावेत तसे नातवासाठी पिस्ते सोलत राहते. पण हा गार, ओलसर वारा अंगाला लागला की सगळ्यात आधी माझ्या नाकात गोंदाचा वास येतो. खोकी बंद करायच्या तपकिरी पट्टीच्या गोंदाचा. इतरांना जानेवारीत फुलं दिसतात. मला फुलीसारखी पट्टी मारलेल्या खिडक्या दिसतात, गल्लीभर, मजल्यामागून मजले.

तो आखाती युद्धाचा हिवाळा होता; स्फोटाने काचा फुटून उडू नयेत म्हणून त्या पट्ट्या. रूथ सात वर्षांची होती. मी इथल्या एका इस्पितळात नर्स होते आणि आमचे हे, सॅम्युएल साळवे, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. आम्ही दोघंही नगर जिल्ह्यातले, पिढीजात ख्रिस्ती. आमच्या बोलीत चर्चला मंडळी म्हणतात. इमारत असो-नसो, माणसं जमली की मंडळी. खोबरमध्ये इमारतीचा प्रश्नच नव्हता. अशी उपासना इथल्या कायद्यात बसत नव्हती, म्हणून दर शुक्रवारी सकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंधरा-सोळा माणसं दोघं-दोघं करून यायची. फोनवर आम्ही त्याला 'बर्थडे' म्हणायचो. पडदे ओढायचे, वॉशिंग मशीन रिकामंच चालू ठेवायचं आणि त्याच्या घरघरीच्या आड गायचं. ओठ पूर्ण उघडून गाणं मला पुढे नगरला गेल्यावर पुन्हा शिकावं लागलं.

यांच्या डोक्यात एक मोठी कल्पना होती. खोबरमध्ये सगळ्या जगातले गरीब येतात; त्यातले काही ख्रिस्ती असतात; ते आज ना उद्या आपापल्या गावी परत जातील. त्यांना इथेच तयार केलं, तर ते जातील तिथे नव्या मंडळ्या लावतील. रोप लावावं तशी मंडळी लावायची, हा यांचाच शब्द. त्यासाठी यांनी वर्ग काढला. ऑफिसात टाइप केलेल्या नोट्स, आडव्या-उभ्या रेघांचे तक्ते, नकाशा काढावा तशी एका मंडळीपासून सात मंडळ्या कशा होतात त्याची आकृती. वर्गाला तिघे यायचे. त्यांतला एक ताडेसे.

ताडेसे इथिओपियाच्या दक्षिणेकडचा, डोंगरातल्या एका खेड्यातला. माझ्याच इस्पितळाच्या लॉन्ड्रीत होता. तिशीचा असेल. उंच, किंचित वाकून चालणारा, हातांची कातडी ब्लीचने पांढुरकी पडलेली. त्याचं इंग्रजी मोजकं होतं, अरबी बरं होतं, आणि बोलण्याआधी तो समोरच्याचं बोलणं पूर्ण संपू द्यायचा, ही सवय मी त्याच्याशिवाय फार कमी पुरुषांत पाहिली. तो आपल्या गावाबद्दल सांगायचा. आपल्या केळीसारखंच दिसणारं, पण घड न येणारं एक झाड त्यांच्या प्रत्येक घराभोवती असतं. त्याचा बुंधा किसून, जमिनीत पुरून आंबवतात आणि त्याची भाकरी करतात. त्याच्या देशातल्या सरकारने चर्चना कुलपं ठोकली होती, पाळकांना तुरुंगात टाकलं होतं. त्या झाडांच्या दाट पानांखाली बसून त्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं उपासना केली. एका गावाहून दुसऱ्या गावी दोन-दोन दिवस चालत जाऊन तो शास्त्रपाठ घ्यायचा. पकडायला आले तेव्हा सुदानमार्गे पळाला आणि फिरत फिरत इथे, चादरी धुवायला.

म्हणजे खरं तर यांनी त्याला शिकवावं असं त्यात फारसं काही नव्हतं. यांनी मात्र त्याला शिकवलं. सभेचं रजिस्टर कसं ठेवायचं, प्रवचनाचे तीन मुद्दे कसे पाडायचे. ताडेसे खाली मान घालून लिहून घ्यायचा. एकदाच म्हणाला, "ब्रदर साळवे, आमच्याकडे रजिस्टर ठेवलं तर त्यातली सगळी नावं तुरुंगात जायची." हे हसले आणि म्हणाले, "ते दिवस जातील. तेव्हा लागेल."

ऑगस्टमध्ये कुवेत पडलं आणि हळूहळू खोबर रिकामं व्हायला लागलं. देशपांड्यांनी आपली बायको-मुलं आधीच नाशिकला पाठवली होती. हे देशपांडे आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे, अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंटचे इंजिनिअर. जानेवारीत यांच्या कंपनीने ऑफिस जेद्दाला हलवायचं ठरवलं. इस्पितळाने आमच्या रजा रद्द केल्या होत्या आणि माझा पासपोर्ट त्यांच्याच कपाटात होता. मग ठरलं, की रूथला घेऊन यांनी जेद्दाला जायचं आणि मी इथे राहायचं.

निघायच्या आदल्या शुक्रवारी यांनी सगळ्यांसमोर फ्लॅटची एक किल्ली ताडेसेच्या हातात दिली. "मी परत येईपर्यंत मंडळी तुझी," म्हणाले. "आणि आलो, की डोक्यावर हात ठेवून तुला रीतसर पाळक नेमू. त्याच अधिकाराने तू तुझ्या गावी जा." ताडेसेने किल्ली दोन्ही हातांनी घेतली. त्यांच्याकडे मोठ्या माणसाकडून काही घेताना दोन्ही हात पुढे करतात.

मग ते सुरू झालं. विमानांनी खिडक्या थरथरायच्या. भोंगे. दाराच्या फटीला ओले टॉवेल. इस्पितळाने आम्हा नर्सेसना गॅस मास्क दिले होते, रबराचे, हनुवटीपाशी घाम साचणारे. लॉन्ड्रीतल्या माणसांना दिले नव्हते. का, ते मी विचारलं नाही. तेव्हा ते विचारायचं सुचलंच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सुचलं होतं. विचारलं तर माझा कुणाला तरी द्यावा लागेल अशी भीती होती.

भोंगे बहुतेक करून अंधार पडल्यावर वाजायचे, पण एका शुक्रवारी सकाळी, उपासना चालू असतानाच वाजला. आम्ही अकरा जण होतो. मास्क तिघींकडे. मी पर्समधून काढून घातला. त्या दोन गोल काचांतून खोली लहान आणि पिवळट दिसत होती. ताडेसेने डोळे मिटले नाहीत, गुडघेही टेकले नाहीत. तो प्रत्येकाजवळ जाऊन त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत, खांद्यावर हात ठेवत फिरत होता. एक श्रीलंकन मोलकरीण हमसून रडत होती. त्याने टेबलावरचा रुमाल भिजवून तिच्या नाका-तोंडाला बांधून दिला. भोंगा बंद झाल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सिस्टर, आता काढा. श्वास घ्या." मी काढला. माझ्या श्वासाने काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या.

त्या दिवसापासून माणसं वाढत गेली. घाबरलेला माणूस बोलावण्याची वाट बघत नाही. फिलिपिनो, मल्याळी, श्रीलंकन, एकदा तर कुणाचा कोण एक कोरियन वेल्डर. जोडे ठेवायला जिन्यात जागा पुरेना, आणि जिन्यातले जोडे म्हणजे धोका. ताडेसे म्हणाला, "आता मंडळी फोडली पाहिजे." त्याने चार गट केले. एक मोलकरणींच्या क्वार्टर्समध्ये, तो एका फिलिपिनो बाईकडे दिला. एक बंदराजवळच्या कामगारांच्या कँपात. एक आमच्याच घरी. आणि चौथा, इस्पितळाच्या नर्सेस हॉस्टेलवरचा, त्याने मला घ्यायला सांगितला.

मी म्हटलं, "मला नाही येत. मी चहा करते, तेवढं पुरे."

"आमच्याकडे पुरुष तुरुंगात गेले तेव्हा सगळं बायकांनीच चालवलं," तो म्हणाला. "माझ्या आईने मला वाचायला शिकवलं. तुमचे वडील प्रचारक होते ना? त्यांना बोलताना ऐकलंय ना तुम्ही?"

ऐकलं होतं. आमचे अण्णा. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मिशनच्या सात खेड्यांतल्या मंडळ्या ते सायकलवर सांभाळायचे, एकोणतीस वर्षं. मर्तिकं त्यांनी केली, भांडणं त्यांनी मिटवली, पटकीच्या साथीत घरोघर पाणी उकळायला त्यांनी लावलं. पण पाळकाची दीक्षा त्यांना कधी मिळाली नाही. बाप्तिस्मा द्यायला, प्रभुभोजनाची भाकर मोडायला वर्षातून दोनदा मोटारीतून मिशनचा गोरा साहेब यायचा. आई दर वर्षी अण्णांचा पांढरा सदरा नीळ घालून, कडक इस्त्री करून ठेवायची आणि साहेब दर वर्षी म्हणायचा, "मास्तर, पुढच्या वर्षी. अजून थोडा अभ्यास होऊ दे." साहेब गेले, आपले लोक आले. त्यांनीही तेच म्हटलं. अण्णा त्याच सदऱ्यात पुरले गेले. आईने त्यानंतर देवळात पाऊल टाकलं नाही.

हे मी ताडेसेला एका दुपारी लॉन्ड्रीच्या दारात सांगितलं होतं. आत मोठी ड्रायर फिरत होती, गरम वाफेचा, ओल्या कापसाचा वास येत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि इतकंच विचारलं, "शेवटी तो सदरा कोणी धुतला होता?" मी म्हटलं, मी. तो मान हलवत राहिला.

मी हॉस्टेलचा गट घेतला. पहिल्या शुक्रवारी नऊ नर्सेस होत्या, पुढे पंधरा. आवाज फुटला तेव्हा तो माझा नव्हताच, अण्णांचा होता; मधेच थांबून एका माणसाकडे बघायची त्यांची लकब माझ्यात कुठून आली कुणास ठाऊक. मी चौतीस वर्षांची होते. शाळेत पाठ म्हटला तेव्हापासून कुणी मला उभं राहून बोलायला सांगितलं नव्हतं. आकाशात विमानं जात होती, कुठे काय पडेल सांगता येत नव्हतं आणि मी सुखी होते. हे आज लिहितानाही कसंतरी वाटतं, पण होते.

देशपांडे वर येऊन बसू लागले ते याच दिवसांत. त्यांचं आमच्या देवाशी काही नातं नव्हतं. घरातल्या शांततेला ते कंटाळले होते. सभा चालू असेतो स्वयंपाकघरात बसायचे, वीस-पंचवीस कप चहा टाकायचे, आणि नंतर ताडेसेशी मोडक्या अरबीत गप्पा मारायचे. "वहिनी, हा माणूस आमच्या प्लांटवर असता तर मी याला शिफ्ट इनचार्ज केला असता," एकदा म्हणाले.

फेब्रुवारी संपता संपता युद्ध संपलं. उत्तरेला कुवेतमध्ये तेलाच्या विहिरी जळत होत्या. एक दिवस पाऊस आला, तो काळा. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर शाईचे शिंतोडे उडावेत तसे डाग पडले. बोट लावलं की तेलकट. ताडेसे आणि त्याचे सोबती त्या आठवड्यात एकेक चादर तीन-तीन वेळा धूत होते. इस्पितळात आमच्या हेड नर्सने हसत हसत मला म्हटलं, "शालिनी, तुझे कपडे तर एकदम स्वच्छ. लॉन्ड्रीत आपलं माणूस असल्यावर काय!" बाकीच्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

त्याच आठवड्यात जेद्दाहून यांचा फोन आला. रूथच्या शाळेचं बोलून झालं. मग म्हणाले, "तो घरी फार येतो का?"

"कोण?"

"ताडेसे."

"किल्ली तुम्हीच दिलीय त्याला," मी म्हटलं.

"हो. दिलीय खरी," हे म्हणाले.

मार्चमध्ये हे परत आले. मी खिडक्यांच्या पट्ट्या चाकूने खरवडत होते. गोंद निघत नव्हता, काचेवर पिवळी फुली राहतच होती. यांनी चार गटांचं ऐकलं, त्यांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. "चार? कोणाला विचारून? पकडले गेले असते तर सगळ्यांचे इकामे रद्द, सगळे देशाबाहेर." त्यात खोटं काही नव्हतं. पण पकडले गेले नव्हते. यांना ज्याचा राग आला होता ते वेगळंच होतं. पंधराचे साठ झाले होते आणि त्या साठांतले पन्नास जण यांना ओळखतसुद्धा नव्हते.

पुढच्या शुक्रवारी वडीलमंडळाची सभा आमच्या हॉलमध्ये बसली. वडीलमंडळ म्हणजे हे आणि कुरियन, हिशेबखात्यातले मल्याळी गृहस्थ, युद्धात तेही केरळला जाऊन आले होते. ताडेसेला स्वयंपाकघरात बसवलं होतं, सोबत देशपांडे. मधलं दार बंद. त्या दिवशी ताडेसेने पांढरा शर्ट घातला होता. त्याला वाटत होतं, आज डोक्यावर हात ठेवणार.

कुरियन हिंदीत म्हणाले, "आदमी अच्छा है. लेकिन लॉन्ड्री में काम करता है. डॉक्टर लोग, इंजिनियर लोग उसके नीचे कैसे बैठेंगे?"

हे म्हणाले, "अंग्रेजी भी कच्चा है. एक साल और सीखने दो."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझ्या कानात त्याच क्षणी साहेबाची मोटार वाजली. यांनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "तू इथंच होतीस. तूच सांग. तयार आहे का तो?" आणि असं विचारताना माझ्याकडे जे पाहिलं, त्यात फोनवरचा प्रश्न जसाच्या तसा होता.

मी बोलले. बराच वेळ बोलले, मराठीत. ताडेसेने भोंग्याच्या वेळी काय केलं ते सांगितलं. ताडेसेने कामगारांच्या कँपात कसा गट बांधला ते सांगितलं. आजाऱ्यांकडे कोण जात होतं, मेलेल्या एका पोराच्या घरी पत्र कोणी लिहिलं, सगळं. हे ऐकत होते, एकटक बघत होते. जितकं मी जास्त सांगत होते, तितका यांचा चेहरा बंद होत होता, आणि मला दिसत होतं की त्याच्या बाजूचा माझा प्रत्येक शब्द माझ्याविरुद्ध मांडला जातोय. मी थांबले. ट्रे टेबलावर ठेवला. आणि म्हणाले, "पण मंडळी चालवणं वेगळं. ताडेसे अजून थोडं शिकला तर बरं."

हे कुरियनकडे वळले. "शी ऑल्सो सेज."

पाच मिनिटांत संपलं. ताडेसेला बोलावलं. हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी." ताडेसेने सगळं बोलणं संपू दिलं. मग म्हणाला, "ब्रदर साळवे, माझ्या देशातून बातम्या येतायत. सरकार टिकत नाही. पुढच्या वर्षी मी इथे नसेन." खिशातून किल्ली काढून दोन्ही हातांनी यांना परत दिली. जाताना माझ्याजवळ थांबला. "सिस्टर, हॉस्टेलचा गट बंद करू नका."

मी बंद केला. पुढच्याच शुक्रवारी. यांनी सांगितलं, सगळे एकत्र आमच्या घरी. मी पुन्हा चहा करू लागले.

त्या संध्याकाळी देशपांडे जिन्यात भेटले. म्हणाले, "वहिनी, दाराआड सगळं ऐकू येत होतं. मला मराठी कळतं, हे तुम्ही विसरलात. हे काय केलंत? असल्या गोष्टींना कंटाळूनच तुमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले ना?"

माझं अंग पेटलं. "तुम्ही नका बोलू, देशपांडे," मी म्हटलं. "बाकी कुणीही बोलावं. तुम्ही नाही."

किल्ल्या हातात खुळखुळवत खाली गेले. त्यांना बोलायचा हक्क नव्हता हे मला आजही वाटतं. ते खरं बोलले होते, हेही.

त्याच उन्हाळ्यात ताडेसेच्या देशातलं सरकार पडलं, चर्चची कुलपं निघाली आणि तो गेला. लॉन्ड्रीत त्याच्या जागी दुसरा कुणी आला. मी निरोप द्यायला गेले नाही. ड्यूटी होती. बदलून घेता आली असती.

पुढची गोष्ट नगरची आहे. आम्ही परतल्यावर दोन-तीन वर्षांनी ताडेसेचं पत्र आलं, आत फोटो. गवताने शाकारलेलं छप्पर, समोर बाकांवर माणसं, मागे ती रुंद पानांची झाडं. नऊ खेड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या आणि प्रत्येक गावात त्याच गावचा माणूस पाळक होता. त्याने सगळ्यांची नावं लिहिली होती. यांनी त्या फोटोच्या स्लाइड्स करून घेतल्या. मग सभा, अधिवेशनं, जिल्ह्याभर निमंत्रणं. 'आफ्रिकेत मंडळी लावताना' असं भाषणाचं नाव. हे सुरेख बोलायचे. एकापासून सात मंडळ्यांची ती आकृती दाखवायचे आणि म्हणायचे, ही आम्ही खोबरच्या एका फ्लॅटमध्ये काढली. शाल, श्रीफळ. मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या रांगेत. कुणीतरी वळून म्हणायचं, "साळवेबाई, किती मोठं काम केलंत हो तुम्ही दोघांनी." मी पदर सारखा करायची.

हे वाईट नव्हते. माझ्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसलेत. त्या सभेबद्दल आम्ही उभ्या जन्मात एकदाही बोललो नाही. हे गेले तेव्हा मंडळीच्या पत्रिकेत छापून आलं, की आफ्रिकेच्या दुर्गम भागात नऊ मंडळ्यांची स्थापना करणारे. मी ते कापून ठेवलंय. फाडायलाही झालं नाही आणि लावायलाही.

हे गेल्यावर पुढच्या पावसाळ्यात मी ताडेसेला लिहिलं. अण्णांचं, हेड नर्सच्या हसण्याचं, फोनचं, सगळं. आणि त्या सभेत मी मराठीत बोललेलं शेवटचं वाक्य, इंग्रजी करून. मी त्या दिवशी तुमच्या बाजूने उभी राहिले नाही. मला माफ करा. पोस्टात टाकून आले तेव्हा इतकं हलकं वाटलं, की वाटेत गुळाची जिलेबी घेतली आणि उभ्याउभ्या खाल्ली.

उत्तर यायला पाच महिने लागले. मी खोबरला निघायच्या आदल्या आठवड्यात आलं. नातीच्या हातून लिहवून घेतलंय, त्याला आता डोळ्यांनी कमी दिसतं. गावागावांची हकिकत आहे, पाऊस वेळेवर झाला ते आहे, तीन नवीन पाळक नेमले, त्यांत एक बाई आहे, ते आहे. मग लिहिलंय:

"त्या दिवशी दार बंद होतं. तुम्ही तुमच्या भाषेत बोलत होता. माझं नाव मी सारखं ऐकत होतो. मी मिस्टर देशपांड्यांना विचारलं, सिस्टर काय म्हणतायत? ते म्हणाले, तुझ्यासाठी भांडतायत. एवढी वर्षं मी हेच मानत आलो. कुणाच्याही डोक्यावर हात ठेवताना मी तरुणांना ही गोष्ट सांगायचो, की दोन मोठ्या माणसांसमोर एक बाई माझ्यासाठी एकटी भांडली होती आणि हरली होती. आपण कुणासाठी तरी असं भांडावं. तुमचं पत्र आल्यापासून मी ती सांगत नाही. मुलं विचारतात, त्या भारतीय बाईची गोष्ट सांगा ना. मी सांगतो, ती माझी ऐकण्यातली चूक होती. तुम्हाला माफ केलं आहे. पुन्हा लिहायचे कष्ट घेऊ नका."

परवा कॉर्निशवर पर्समधून चष्मा काढताना ते पाकीट चटईवर पडलं. रूथने उचललं, तिकिटं निरखली.

"आई, इथिओपिया? ते लॉन्ड्रीवाले अंकल ना? बाबा नेहमी सांगायचे ते! काय लिहिलंय?"

वारा सुटला होता. नातू सायकलवरून हाका मारत होता.

"काही नाही," मी म्हटलं. "पाऊस वेळेवर झाला म्हणतात."